झिरीजवळची जागा

अक्का,

तुझ्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं. उभं केलं म्हणजे काय, माझं नाव ठरलेलंच होतं. गावचा मुलगा, जळगावच्या कॉलेजात इतिहास शिकवणारा, गावाच्या इतिहासाचं पुस्तक लिहिणारा. अशा वेळी माझ्याशिवाय दुसरं कोण? मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, "अक्का म्हणजे आपल्या आंबेझिरीचा चालताबोलता इतिहास होती." लोकांनी माना हलवल्या. पाटलांच्या आबांनी चष्मा काढून डोळे पुसले. बायकांच्या बाजूला अगदी शेवटी डोंगरातून बाजाराला येणारी रायलीबाई बसली होती, पदर तोंडाशी धरून. माझी नजर तिच्यावर गेली आणि पुढचं वाक्य सुचेना. लोकांना वाटलं, प्राध्यापकांना गहिवरून आलं. कोणीतरी पाण्याचा ग्लास आणून दिला.

गहिवर नव्हता तो. खोटं बोलताना पकडलं जावं, तसं मला झालं होतं. आणि पकडलं तर कोणीच नव्हतं. पाणी पिऊन मी आणखी चार वाक्यं बोललो आणि खाली बसलो.

तेव्हापासून तुझ्याशी मनातल्या मनात बोलतोय. नीट बोलणं होत नाही. म्हणून लिहायला बसलो.

तू गावात आलीस तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. चोपड्याहून सातपुड्याकडे निघालेल्या रस्त्यावरचं आपलं शेवटचं मोठं गाव, म्हणून तिथं उपकेंद्र, आणि उपकेंद्र आलं म्हणून नर्स आली. ती तू. मला या जगात तूच आणलंस, असं आई सांगायची. आणि आई गेली तेव्हा तिचा हात तुझ्याच हातात होता. मी जळगावहून पोचेपर्यंत तू तिचं तोंड पुसून केस विंचरून ठेवले होतेस. कपाळावर तिला आवडायचं तसं बारीक कुंकू होतं. त्याबद्दलही मी तुला कधी काही बोललो नाही. भिंतीला भिंत लागून घर. तुला 'अक्का' म्हणायची आणि तुझ्या चुलीपाशी हक्कानं बसायची सवय होती. आभार मानायची नव्हती.

तुझ्या वह्यांची, गावाच्या आठवणी लिहून घेण्याची गोष्ट कशी सुरू झाली, ते तू मला एकदाच सांगितलंस. तुझी नोकरी नवी होती. पाड्यावरची एक म्हातारी तापानं गेली. आदल्या आठवड्यात ती तुला तासभर काहीबाही सांगत होती, गाव कसं वसलं, पटकीची साथ आली तेव्हा माणसं कुठं पळाली. तू ताप मोजलास, गोळ्या दिल्यास आणि निघालीस, कारण पुढं अजून सात घरं होती.

"येवढी मोठी बाई मरी गई मोहन," तू म्हणालीस, "आन मनाजोडे तिनं काय उरनं? एकशे दोन ताप. बस."

त्यानंतर तू लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरांच्या कोऱ्या पाठींवर लिहायला लागलीस. बाळाचं वजन करता करता म्हाताऱ्यांना विचारायचीस. राजा कोण होता, किल्ला कोणी बांधला, असलं तू कोणालाच विचारलं नाहीस. "आजी, तू लगीन व्हईसन उनी तवय पानी कोठून भरे?" एवढंच विचारायचीस. आणि त्या पाण्याच्या मागून सगळं गाव यायचं. कोणाची विहीर कोणाला बंद होती, कोणती सून कोणत्या वाटेनं जायची, नाल्याला पूर आला तेव्हा कोण वाहून गेलं. तीस वर्षं तू हे केलंस. आम्ही हसायचो. उपकेंद्रात औषध नाही आणि नर्सबाई गोष्टी लिहून घेतेय, असं लोक म्हणायचे. मीही म्हटलंय, इतिहासात एम.ए. करत असताना, तुझ्या तोंडावर. तू म्हणालीस, "औषध उनं म्हनजे देसू. तवलोंग लिखी लेवू दे."

त्या रजिस्टरांत बाजाराची गोष्ट होती. नऊ म्हाताऱ्यांनी सांगितलेली. काही पावरा आदिवासींच्या पाड्यावरच्या, दोन भिल्लवस्तीतल्या, एक गावातल्या गुजरांची थोरली सून. पटकीच्या वर्षी गावानं डोंगरातल्या माणसांना वेशीच्या आत यायला बंदी केली. झिरीच्या, त्या पाझरत्या झऱ्याच्या, भोवतालचं रान एका भिल्ल विधवेचं होतं. केली तिचं नाव. तिनं डोंगरातल्या बायांना सांगितलं, माझ्या रानात चिंचांच्या सावलीत टोपल्या ठेवा आणि लांब जाऊन बसा. गावातली माणसं येतील, मोहाची फुलं, चारोळी, कंदमुळं घेतील आणि मीठ, कापड ठेवून जातील. तशी साथ निघाली. साथ गेली आणि बाजार राहिला. पुढं केलीनं ती जागा बाजारालाच देऊन टाकली, एकच गोष्ट सांगून. डोंगरातून येणारी माणसं झिरीजवळ सावलीत बसतील. त्यांना तिथून कोणी उठवायचं नाही.

गावाला मात्र वेगळं माहीत होतं. बाजाराची जागा पाटलांच्या पूर्वजांनी दिली, हे शाळेत आम्हाला सांगितलं होतं, गावदेवीच्या उत्सवात भाषणात सांगितलं जायचं. गावाचा इतिहास लिहायचं ठरलं तेव्हा समितीचे अध्यक्ष आबाच होते, आणि लेखक मी.

तू अकरा रजिस्टरं कापडी पिशवीत घालून, वर ज्वारीच्या बिबड्यांचा पुडा ठेवून एसटीनं जळगावला आलीस. पिंप्राळ्यातल्या आमच्या घरी चार दिवस राहिलीस. दिवसभर मी वाचायचो आणि तू माझ्या बायकोला, वर्षाला, स्वयंपाकघरात भरिताचं वांगं कसं भाजावं ते शिकवायचीस. माझ्या पुस्तकाची निम्मी पानं त्या रजिस्टरांतून आली, अक्का. विहिरींचं प्रकरण, सुईणींचं प्रकरण, पुराचं प्रकरण. लोक त्याच प्रकरणांची तारीफ करतात. प्रस्तावनेत मी लिहिलं, 'निवृत्त परिचारिका ... यांचे सहकार्य लाभले.' तुझं नाव लिहिलं होतं, एवढं खरं. सहकार्य म्हणे!

शेवटच्या संध्याकाळी मी तुला मेहरूणच्या तलावावर फिरायला नेलं. तिथं मी तुला सांगितलं की बाजाराची गोष्ट घेता येणार नाही.

"लेखी आधार नाही गं अक्का. सनद नाही, उतारा नाही. सगळं ऐकीव आहे."

"नऊ बाया," तू म्हणालीस. "येरमेरले वळखत नहीत. बठ्ठ्या एकच सांगतस. मिळीसन ठरायेल शे का?"

"तसं नाही. एकमेकींना न ओळखता एकच सांगतात, खरं. पण इतिहासाची एक शिस्त असते."

"मंग पाटीलस्नी जागा दिनी, त्याले काय लेखी शे?"

मी म्हणालो, "ती गावात सर्वमान्य गोष्ट आहे."

"कोना गावमा?"

तू वाट पाहिलीस, मग बोरंवाल्याकडे वळलीस. एक बोर मला दिलंस आणि म्हणालीस, "गोड शे, खा." तेवढ्यावर विषय संपला असं मला वाटलं. तू माझ्या तोंडाकडे पाहून तो थांबवला होतास, हे आता कळतं.

पुस्तकात मी तळटीप टाकली. डोंगरपट्ट्यातील स्त्रियांत या जागेविषयी काही दंतकथा प्रचलित आहेत, त्यांस कोणताही आधार आढळत नाही. 'आढळत नाही' हे मी लिहिलं. शोधलं कुठं होतं मी? एक दिवस तहसीलमध्ये गेलो, दोन तास बसलो, चहा प्यायलो आणि परत आलो.

प्रकाशनाला तू तिसऱ्या रांगेत होतीस, इरकलीसारखी ती जांभळी साडी नेसून. सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्यास. आठवड्यानं तुझा फोन आला.

"वाचं तुनं पुस्तक. छपाई चांगली शे."

"आणि?"

"मोहन, दंतकथा म्हनजे काय रे?"

"म्हणजे... लोकांच्या तोंडी असलेली गोष्ट."

"आन तोंड कोनं, ते नही लिखं तू."

मी हसण्यावारी नेलं.

पुढं जे झालं, ते मी ठरवून केलं नाही. पण माझ्यामुळं झालं. बाजारात पाटलांच्या पूर्वजांच्या नावाची कमान आणि गाळे बांधायचा ठराव ग्रामपंचायतीनं केला. गाळे झिरीजवळ येणार होते. जागेचा इतिहास म्हणून ठरावात माझ्या पुस्तकाचा पान क्रमांक घातला होता. डोंगरातून मंगळवारी उतरणाऱ्या बायांना सांगण्यात आलं, तुम्ही आता रस्त्यापलीकडे बसा, गटारीच्या कडेला. रायलीबाईनं विचारलं, कोणी सांगितलं? तर तिला सांगण्यात आलं, पुस्तकात लिहिलंय, जागा पाटलांची आहे.

त्या मंगळवारपासून तू त्यांच्याबरोबर गटारीच्या कडेला बसायला लागलीस. गुडघ्यांनी तुला खाली बसवत नव्हतं, म्हणून घरून पाट न्यायचीस. विकायला तुझ्याजवळ काही नव्हतं. लोक विचारायचे, अक्का इथं काय करते? तू म्हणायचीस, "बाजार करस."

मला फोन केलास. "एक पत्र लिखी दे पंचायतले. तू लिखं तं ऐकतीन."

"अक्का, मी काय लिहू? माझ्याच पुस्तकाविरुद्ध? पुरावा असता तर गोष्ट वेगळी."

"मंग धुंडी काढ. तुले धुंडता येस. माले नही येत."

एवढंच. रागावली नाहीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. मीही उलट रागावलो असतो आणि माझी सुटका झाली असती.

मग गेल्या दिवाळीची सुट्टी आली. धुळ्याहून एकाचा फोन आला. त्याचे पणजोबा वकील होते. घर पाडायचं होतं, माळ्यावर मोडीतले कागद निघाले होते, रद्दीत घालण्याआधी कोणी वाचून सांगेल का? खानदेश जिल्हा एकच होता तेव्हा मुख्यालय धुळ्याला होतं आणि आपल्या भागातले लोक अर्जफाट्यासाठी तिथंच जायचे. मी दोन दिवस त्या घरात गठ्ठे सोडत बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी एका लाल फडक्यातल्या कागदावर मला आपल्या गावाचं नाव दिसलं. त्याखाली लिहिलं होतं, केली कोम वेस्ता भिल्ल. वेस्ता तिचा नवरा.

अर्जाचा मसुदा होता तो. झिरीभोवतीचं रान तिचं असल्याचं, ते तिनं आपल्या खुशीनं बाजाराला दिल्याचं, आणि डोंगरातून येणाऱ्यांना झिरीजवळच्या सावलीतून कोणी उठवू नये ही तिची अट असल्याचं त्यात लिहिलं होतं. कोणीतरी उठवायला लागलं होतं, म्हणून ती बाई आंबेझिरीहून धुळ्यापर्यंत आली होती. सहीच्या जागी बांगडीची निशाणी होती. आणि साक्षीदार म्हणून खाली सही होती, आबांच्या पूर्वजांची. जागा त्यांनी दिली नव्हती. जागा केलीनं दिली, याला ते साक्ष राहिले होते.

नऊ बायांनी सांगितलेलं शब्दाला शब्द त्या कागदात होतं.

मी काय केलं, अक्का? फोनमध्ये फोटो काढले. चार-चार वेळा काढले. त्या माणसाला सांगितलं, हा कागद जपून ठेवा. त्यानं तो मलाच दिला. बसमध्ये बसलो. पारोळा येईपर्यंत मी आनंदात होतो, तुला लगेच फोन करावा असं वाटत होतं. फोन हातातही घेतला. मग मनात आलं, हिला काय सांगणार? तुझं खरं होतं, हे सांगणार. म्हणजे माझं पुस्तक खोटं. ज्या पानावरून कमान उभी राहतेय, ते पान खोटं. कॉलेजात त्याच पुस्तकासाठी माझा सत्कार ठरला होता, दुसऱ्या आवृत्तीची बोलणी चालली होती. आबा काय म्हणतील? सहकारी काय म्हणतील? एरंडोल येईपर्यंत मी फोन खिशात ठेवला होता. आधी शाई तपासून घेऊ, अक्षर पडताळून घेऊ, मग सांगू, असं ठरवलं. अभ्यासकाला शोभेल असं कारण होतं. घरी आल्यावर वर्षाला तेवढं सांगितलं, कारण ते एकट्याच्या पोटात मावत नव्हतं.

संक्रांतीला मी गावी आलो. तू तिळगूळ दिलास, चहा ठेवलास. तुझी पाठ माझ्याकडे होती.

"धुयाले गयथा म्हने दिवाईमा?"

"हो, धुळ्याला. कॉलेजचे पेपर तपासायला."

चहा उतू जायला लागला होता, तो फडक्यानं उतरवलास. एवढी सावध बाई, तुझा चहा कधी उतू जात नसे. मला त्याचंही काही वाटलं नाही.

फेब्रुवारीत चिंचा तोडल्या. झिरीजवळच्या तिन्ही. गाळ्यांचं काम त्यांच्या फांद्यांपर्यंत आलं होतं. तू फोनवर सांगितलंस, "तिन्ही गयात मोहन." मी म्हणालो, "अरेरे." कागद तेव्हा माझ्या टेबलाच्या खणात होता. आदल्या दिवशी जरी मी गाडी काढून निघालो असतो तर दुपारपर्यंत पोचलो असतो, तिन्ही वाचल्या असत्या. फोन ठेवून मी बारावीच्या पोरांना बंगालची फाळणी शिकवायला गेलो.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, पुन्हा आलो. दरवर्षी त्या चिंचांना झोके बांधले जायचे, माहेरवाशिणी दुपारभर गाणी म्हणायच्या. यंदा झोके शाळेच्या गेटापाशी लोखंडी पाइपाला बांधले होते. तुझ्याकडे जेवलो. सांजोऱ्या, आमरस. तू उन्हानं काळवंडली होतीस. मी म्हणालो, "अक्का, आता तरी मंगळवारी बसणं बंद कर. एवढ्या उन्हात, या वयात!"

"मंग तू काय करशी?"

"म्हणजे?"

"काही नही. रस ले अजून."

वाटीत रस घालताना तू माझ्याकडे पाहिलंस. थोडं जास्त वेळ पाहिलंस. मला तेव्हा वाटलं, म्हातारपण. मी वाटी संपवली, नमस्कार केला आणि निघालो. तू दारापर्यंत आलीस. मी गाडीत बसलो तरी तू उभीच होतीस. मग म्हणालीस, "काही सांगानं ऱ्हाई गयं व्हई तं फोन कर."

त्यानंतर बारा दिवसांनी तू गेलीस. एका बुधवारी. मंगळवारी तू बाजारात बसली होतीस. उन्हानं गेली असं कोणी म्हणालं नाही, वयानं गेली म्हणाले. मीही खोदून विचारलं नाही.

शोकसभेहून घरी परतलो त्या संध्याकाळी वर्षा माझ्यासमोर येऊन बसली. म्हणाली, "एक सांगायचंय. मला वाटलं होतं, तुम्ही अक्कांना कागदाचं लगेच सांगितलं असेल. मी दिवाळीतच फोनवर बोलून गेले, तुम्ही धुळ्याहून आल्यावर दोन दिवसांनी. त्यांना माहीतच नव्हतं."

"काय म्हणाली ती?"

"रडल्या आधी. मग म्हणाल्या, त्याले नको सांगू माले मालूम पडनं म्हनीसन. तो सांगी. त्याना तोंडथून ऐकू दे माले."

वर्षा पुढंही काही बोलत होती. मला ऐकू आलं नाही.

म्हणजे संक्रांतीला तुला माहीत होतं. चिंचा तुटल्याचा फोन केलास तेव्हा माहीत होतं. आखाजीला माझ्या वाटीत रस घातलास तेव्हाही. आणि गटारीच्या कडेला त्या बायांच्या शेजारी बसताना दर मंगळवारी तू हे पोटात ठेवलंस. एक शब्द उच्चारला असतास तर ठराव थांबला असता. तू उच्चारला नाहीस. मला खोटं पडू द्यायचं नव्हतं म्हणून? की मी स्वतःहून खरं बोलेन, असं तुला शेवटपर्यंत वाटत होतं? यातलं कोणतंही असलं तरी मला ते पेलत नाही. अक्का, याबाबतीत मला तुझ्याशी भांडायचंही आहे. तीन झाडांपेक्षा, त्या बायांच्या जागेपेक्षा माझी अब्रू मोठी होती का? तू मला का नाही झापलंस? लहानपणी इंजेक्शनला पळायचो तेव्हा दोन धपाटे घालून पकडून आणायचीस. या वेळी का सोडलंस? पण हा प्रश्न तुला विचारताना माझंच तोंड कडू होतं. चूक मी केली आणि जाब तुला विचारतोय.

मागच्या आठवड्यात ग्रामसभा झाली. मी कागद घेऊन गेलो. सकाळची वेळ, शाळेचं पटांगण. मी उभा राहिलो आणि आधी मोडीतलं जसंच्या तसं, मग आजच्या मराठीत सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. आबा पुढं आले, कागद हातात घेतला. मोडी त्यांना येत नाही. "सही कोणती?" त्यांनी विचारलं. मी बोट ठेवलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला.

"म्हणजे आमच्या आजोबांच्या आजोबांनी साक्ष दिली होती."

"हो आबा."

"मग जागा आम्ही दिली, हे कुठून आलं?"

"घरात बोललं जायचं. पण लिहिलं मी. न तपासता लिहिलं."

आबा म्हणाले, "सांगायचं ना मग. आम्ही काय वाघ होतो का?" आणि सरपंचांकडे वळून म्हणाले, "बायांना बसू द्या त्यांच्या जागेवर. कमानीवर काय लिहायचं ते नंतर बघू." कोणी विरोध केला नाही. पुढच्या विषयावर नळाच्या पाण्यावरून मात्र जोरदार भांडण झालं.

पंधरा मिनिटं लागली, अक्का. सात महिने मी ज्याला घाबरलो, त्याला पंधरा मिनिटं लागली.

काल मंगळवार होता. मी बाजारात गेलो. बाया झिरीजवळ परत आल्या होत्या, गाळ्यांच्या पायऱ्यांसमोर, भर उन्हात. डोक्यावर पदर, पदरावर ओला टॉवेल. चिंचांचे बुंधे जमिनीबरोबर कापलेले, एकावर कोणीतरी चारोळीची टोपली ठेवली होती. रायलीबाईनं मला पाहिलं आणि टोपली सरकवली. "बठ."

मी बसलो. तिनं मला कागदात काय आहे ते पुन्हा सांगायला लावलं. बाकीच्या बाया जवळ सरकल्या. केलीचं नाव आलं तेव्हा एक म्हातारी स्वतःशीच हसली. सगळं ऐकून झाल्यावर रायलीबाईनं विचारलं, "हाऊ कागद तुले कवय सापडना?"

मी खोटं बोलू शकलो असतो. कोणाला कळणार होतं? वर्षाशिवाय कोणाला माहीत नव्हतं.

"दिवाळीत," मी म्हणालो.

तिनं बोटांवर महिने मोजले. चिंचांच्या बुंध्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"अक्काले सांगं व्हतं?"

"नाही."

मी मान खाली घालून बसलो. ती काहीतरी बोलेल, शिवी देईल, उठवून लावेल, असं वाटत होतं. तिनं यातलं काही केलं नाही. समोर गिऱ्हाईक आलं होतं, त्याला तिनं चारोळी मापून दिली, पुडी बांधून दिली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"मंग आमले कसाले सांगस? आमले ते मालूमच व्हतं. तिले सांग."

म्हणून आज हे लिहितोय. उशीर झालाय, तुला ऐकू येणार नाही, हे मला कळतं. तरीही सांगतो, माझ्या तोंडून.

अक्का, धुळ्याला कागद सापडला. तुझं खरं होतं.

तुझा,
मोहन